कोण कुणाशी बोलून राहिलंय

परवा दुपारी घरात कुणीच नेट वापरत नव्हतं, तरी राउटरचा हिरवा दिवा सारखा लुकलुकत होता. मुलगी घाबरली. "बाबा, कुणी हॅक केलं की काय आपल्याला?" बायको म्हणाली, "बंदच करून टाका ना ते." माझा हात बटणाकडं गेला आणि तिथंच थांबला. मग बसलो, राउटरला काय काय जोडलंय त्याची यादी फोनवर उघडली आणि घरातल्या एकेका यंत्राचं नाव तिच्यात शोधत गेलो. शेवटी निघालं एवढंच, की टीव्ही कुणाला न विचारता आपलं काहीतरी उतरवून घेत होता. मुलगी निवांत झाली. मला मात्र बिराजदार मॅडमची फार आठवण आली.

लातूरला आमच्या कॉलेजात संगणक विभाग मॅडमकडं होता आणि मी परीक्षा विभागात लिपिक. त्या मूळच्या उदगीरच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगावर काठाची सुती साडी, आणि त्यावर भर मे महिन्यातसुद्धा मरून रंगाचा अर्धा स्वेटर. सर्व्हरच्या खोलीत एसी असायचा. बाकीचं कॉलेज घामानं निथळत असताना ही बाई स्वेटर सारखा करत व्हरांड्यातून यायची, तेव्हा नवी पोरं तोंडाला रुमाल लावून हसायची. मॅडमना ते माहीत होतं. "हसा हसा," म्हणायच्या, "तुमच्या नशिबात ऊन हाय."

घरी त्या कानडी बोलत, कॉलेजात आमच्यासारखंच मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. राग आला तरी शिवी अशी नव्हतीच. "अय्यो शिवा" एवढं म्हणून कपाळावर हात मारायच्या. दुपारी डबा उघडला की धपाट्याचे तुकडे करून न विचारता प्रत्येकाच्या टेबलावर ठेवत फिरायच्या. शेंगाची चटणी चमच्यानं नव्हे, चिमटीनं वाढायच्या. नको म्हणणाऱ्याला दुप्पट मिळायची.

सकाळी आल्यावर चपला बाहेर काढून त्या मशीनसमोर बसत, एक पाय खुर्चीवर मुडपून. पडद्यावर काळी चौकट उघडत आणि त्यात एक छोटा हुकूम टाईप करत. मग आकड्यांची लांब यादी सरसर खाली उतरायची. चष्मा कपाळावर सरकवून त्या अगदी जवळून वाचत आणि स्वतःशीच म्हणत, "बघू, आज कोण कुणाशी बोलून राहिलंय."

मी नवा असताना त्यांनी मला एकदा शेजारी बसवलं होतं.

"हे बघा जाधव. ही आपली मशीन. हे तिचं दार. हे समोरच्याचं घर. अन् शेवटी हा आकडा हाय ना, तो आपल्या मशीनीतून जो बोलून राहिला त्याचा नंबर. नंबरावरून नाव काढायचं."

"पण मॅडम, आपण तर काहीच उघडलेलं नाही. मग एवढे लोक कशाला बोलतायत?"

"मशीन कवाच गप बसत न्हाई. घड्याळ बरोबर हाय का इचारती, नवीन काय आलंय का इचारती. त्यात वाईट काय न्हाई. आपल्याला ओळख पायजे फक्त."

ज्याची ओळख पटत नसे त्या जोडणीला त्या 'बिनओळखीचा पाव्हणा' म्हणत. आमच्यातल्या कुणी घाबरून वायर ओढली तर त्यांना खपत नसे. "दारात पाव्हणा आला की लगेच हाकलून देता का? पाणी देता, अन् कुठले तुमी म्हणून इचारता. तोडलं की गेलं ते. मग कोण आलतं ते कसं कळावं?"

एकदा प्राचार्यांच्या मशीनवर असाच पाव्हणा आला. कुठल्या तरी परदेशातल्या पत्त्याशी मशीन तासातासाला बोलायचा प्रयत्न करत होती. प्राचार्यांनी वर्तमानपत्रात फसवणुकीच्या बातम्या वाचल्या होत्या. त्यांनी मशीनवर टॉवेल टाकला आणि खोलीबाहेर येऊन उभे राहिले. मॅडम आत गेल्या, टॉवेल काढला आणि नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. थोड्या वेळानं बाहेर आल्या त्या हसतच.

"सर, तुमचा जुना प्रिंटर आठवतो का? भंगारात दिला तो?"

"हाव. त्याचं काय?"

"तो गेला, पण त्याचा प्रोग्राम हितंच राहिलाय. बिचारा कंपनीला फोन करून राहिला, की शाई संपली, शाई पाठवा."

प्राचार्य इतके हसले की त्यांना खोकला लागला. पुढं बरेच दिवस कॉलेजात कुणी लोचटासारखं काही मागू लागलं, की त्याला 'शाई पाठवा' म्हणायची पद्धत पडली होती.

वायर ओढू नये म्हणणाऱ्या या बाईंनी एकदा मात्र माझ्यासमोर वायर ओढली. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहत. त्यांच्या घरच्या कंप्युटरवरचा बाण आपोआप फिरायला लागला म्हणून त्यांनी मला बोलावलं, आणि मी मॅडमना. मॅडमनी काळी चौकट उघडली, यादीवर एक नजर टाकली, आणि भिंतीतून वायर उपसली.

मी म्हणालो, "मॅडम, तुम्हीच तर म्हणता, आधी विचारायचं."

"ह्याचं नाव समोरच दिसलं की. कुणीतरी लांबून बसून ह्यांचा पडदा बघून राहिलंय. घरात घुसलेल्याला पाणी इचारत न्हाईत." मग गुरुजींकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, तुमाला फोन आलता का कुणाचा? कंप्युटर दुरुस्त करून देतो म्हणून?"

गुरुजींनी खाली बघतच मान हलवली. फोन आला होता. त्या माणसानं सांगितलं तसं गुरुजींनी सगळं केलं होतं. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेला माणूस. हाताची बोटं एकमेकांत अडकवून म्हणाले, "पोराला सांगू नका बाई. आधीच म्हणतो, तुम्हाला काही कळत नाही."

"मी कामून सांगू? तुमी लोकावर इस्वास ठिवला. लबाडी त्यानं केली, तुमी न्हाई. पण आता उठा, टोपी घाला. बँकेत जाऊन सांगू. मी येते संगं."

आणि त्यांना आपल्या स्कूटीवर मागं बसवून घेऊन गेल्या. गल्लीतली माणसं बघत होती. गुरुजी एका हातानं टोपी धरून ताठ बसले होते. काही व्हायच्या आत बँकेनं खातं थांबवलं, आणि पोराला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता जे सांगायचंय ते त्यानंतरच्या वर्षी घडलं. कॉलेजला नवे संचालक आले होते. वयानं तरुण, उत्साही, सगळं ऑनलाइन झालं पाहिजे म्हणणारे. परीक्षा विभागात ज्या मशीनवर पेपर टाईप होत, तिला नेट द्यायचं नाही असा मॅडमचा नियम होता. संचालकांनी तो मोडला. गुण थेट वर चढवता यावेत म्हणून त्या मशीनला नेट जोडायला लावलं. मॅडम एकदा बोलल्या, दुसऱ्यांदा बोलल्या, मग गप बसल्या. वायर जोडली गेली.

थोड्याच दिवसांनी बारावीच्या सराव परीक्षेत एका सरांच्या लक्षात आलं, की काही मुलं प्रश्न नीट वाचायच्या आतच उत्तरं लिहून राहिली. पुढच्या पेपरलाही तेच झालं. पेपर बाहेर जात होता. आणि पेपर टाईप करायचा गंगाधर.

गंगाधर सूर्यवंशी देगलूरचा. नुकतंच लग्न होऊन लातुरात खोली घेतलेला. टाईप करताना गुणगुणायचा, आणि घरचा फोन आला की तेलुगूत बोलायचा. ते कुणाला कळायचं नाही. एरवी त्याची गंमत वाटायची. आता त्याच फोनवरून कुजबुज सुरू झाली. कुणाशी बोलतो, काय बोलतो, कुणास ठाऊक. संचालकांनी त्याला बोलावून सांगितलं, चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नका.

त्यानं बायकोला सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि बसस्टँडवर जाऊन बसायचा. मी एकदा तिथं त्याला बघितलं. मला म्हणाला, "भाऊ, गावाकडं हे कळलं तर मी तोंड कसं दाखवू? चोर म्हणतील ना मला."

मी ते मॅडमना सांगितलं. त्या तडक संचालकांकडं गेल्या. मी सहीचे कागद घेऊन मागं होतोच.

"सर, पोरावर शक घ्यायच्या आधी मला ती मशीन बघू द्या."

दिवसभर त्या परीक्षा विभागात बसल्या. यादीत एक ओळ अधूनमधून उगवायची आणि मावळायची. त्यांनी नंबर पकडला, नंबरावरून प्रोग्राम पकडला. फाईली आपोआप दुसरीकडं साठवून ठेवणारा प्रोग्राम होता तो. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह लपून बसलं होतं, आणि पेपर ज्या फोल्डरमध्ये ठेवत त्याच्यावरच तो लक्ष ठेवून होता.

"पत्ता कुठला निघाला?" संचालकांनी विचारलं.

"गंजगोलाईचा म्हणा."

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस गोलाईच्या बाजारात हाय एवढं कळलं. दुकान कुठलं ते न्हाई कळत. असली साठवायची जागा लाखो लोक वापरतेत."

त्या प्रोग्रामला जोडलेल्या खात्याच्या नावात दोन इंग्रजी अक्षरं होती, जी आणि एस, आणि पुढं काही आकडे. संचालकांनी टेबलावर हात आपटला. "झालं की मग! गंगाधर सूर्यवंशी!"

मॅडमचा चेहरा उतरला. मला तर वाटलं, संपलं सगळं. संचालक पोलिसांत द्यायच्या गोष्टी करू लागले. मॅडम हळू म्हणाल्या, "सर, जरा दम धरा. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं न्हाई. मला थोडी मुदत द्या."

त्या परत परीक्षा विभागातल्या मशीनसमोर येऊन बसल्या. मग पुढच्या पेपरचं नाव देऊन त्यांनी एक फाईल तयार केली आणि आत दोन बोटांनी मराठी टाईप केलं. नमस्कार, मी लातूरहून बिराजदार मॅडम. ही फाईल तुमच्याकडं आपोआप येऊन राहिली. तुमची चूक असेलच असं नाही, पण इथं एका माणसाच्या नोकरीवर आलंय. मला फोन करा. खाली आपला नंबर दिला आणि फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवली. ती ओळ लगेच यादीत उगवली.

मी म्हणालो, "मॅडम, चोर कधी असा फोन करेल का?"

"चोर न्हाई करणार. पण हा चोर न्हाई वाटून राहिला मला."

"कशावरून?"

"चोर येळ बघून येतंय. हे तर आपण फाईल ठिवली की मागोमाग येतंय, मग पेपर असो का सुट्टीचा अर्ज. समदं उचलतंय. त्याला सोतालाच ठाऊक नसंल, आपण काय उचलून राहिलो ते."

तेव्हापासून फोन त्यांच्या हातातच. सर्व्हरच्या खोलीत, जेवताना, पायऱ्या उतरताना. कुठल्याही नंबरवरून वाजला की चमकायच्या. संचालक रोज विचारायचे आणि मॅडम मान हलवायच्या.

फोन आला तो दुपारच्या डब्याच्या वेळी. मॅडमच्या हातात धपाट्याचा तुकडा होता. पलीकडून एका मुलीचा रडका आवाज मलासुद्धा ऐकू आला. "मॅडम, मी श्रुती. चाकूरहून बोलतेय. आजोबांच्या टॅबवर तुमचं आलंय ते..."

मॅडमनी तुकडा खाली ठेवला. "रडू नको बाळ. जेवलीस का तू? न्हाई? बरं, आधी पाणी पी. मी हितंच हाय."

आजोबा म्हणजे आमचे जुने अधीक्षक, गोविंदराव सोनटक्के साहेब. जी एस. वर्षभरापूर्वी निवृत्त होऊन चाकूरला राहायला गेले होते. कधीकाळी त्या मशीनला थोडे दिवस नेट होतं, तेव्हा त्यांनी फाईली साठवायचं आपलं खातं तिथं जोडलेलं. नेट काढलं तसं ते झोपलं, आणि परत वायर जोडली तसं जागं झालं.

त्याच दुपारी आम्ही दोघं बसनं चाकूरला गेलो. साहेब दारात खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला बघून त्यांना इतका आनंद झाला, की "अगं, ऑफिसची माणसं आली, चहा टाक" म्हणत ते स्वतःच आत निघाले. त्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. टॅब नातीच्याच हातात असायचा. मॅडमनी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी वळून नातीकडं बघितलं.

श्रुती दाराला चिकटून उभी होती. ती म्हणाली, "पहिल्यांदा मला वाटलं आजोबांचे जुने पेपर आहेत. म्हणून तुमच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना पाठवले. दुसऱ्यांदा मात्र कळलं होतं मला. भीती वाटली, म्हणून बोलले नाही."

मॅडमनी तिला जवळ घेतलं. "आता बोललीस ना. फोन करायला लई हिंमत लागती. मोठ्या मोठ्यांना हुईत न्हाई ते." मग टॅब मांडीवर घेऊन त्यांनी ते खातं कॉलेजच्या मशीनीपासून तोडलं आणि साहेबांना दाखवलं. साहेबांचे डोळे भरले होते. म्हणाले, "मी उद्या येतो. संचालकांना मीच सांगतो."

"या की. पण पोरीचं नाव निघणार न्हाई तिथं."

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत आम्ही पाचसहा जण होतो. गंगाधरला बसस्टँडवरून मीच बोलावून आणलं होतं. तो डबा छातीशी धरून दाराजवळ उभा होता. सगळं ऐकल्यावर संचालक म्हणाले, "मग यात दोष कुणाचा?"

सोनटक्के साहेब उठायला लागले. मॅडमनी त्यांना हातानं बसवलं.

"माझा," त्या म्हणाल्या. "साहेब रिटायर झाले त्या दिवशी त्यांचं खातं मशीनीवरनं काढायला पायजे होतं. ते काम माझं. नेट न्हाई म्हणून मी ठिवून दिलं, अन् नेट जोडलं तवा इसरले. रोज समद्याच्या ओळखी इचारत फिरते, अन् हेच नजरंतून सुटलं."

"आणि पेपर वाटणारी मुलं कोण? त्यांची नावं?"

"ती मी सांगणार न्हाई, सर. पेपर नवीन काढा. मी बसते टाईप होईस्तवर."

संचालक खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्यांनी गंगाधरकडं वळून "उद्यापासून या कामावर" एवढं म्हटलं. गंगाधर रडला नाही, हसला नाही. डबा टेबलावर ठेवला, आणि इतका वेळ तो धरून अवघडलेली बोटं उघडझाप करत राहिला.

मॅडमना मेमो मिळाला. महिनाअखेरीस संगणक विभागाच्या किल्ल्या दुसऱ्याकडं गेल्या आणि त्यांना ग्रंथालयात बारकोड चिकटवायच्या टेबलावर बसवलं. चूक आपली होती हे त्यांनीच कबूल केलेलं, त्यामुळं भांडायला जागा नव्हती, आणि त्या भांडल्याही नाहीत. सर्व्हरच्या खोलीत खिळ्याला अडकवलेला स्वेटर काढून पिशवीत कोंबला आणि म्हणाल्या, "बरं झालं. लायब्ररीत गरम होतंय. हिवाची फिकीर मिटली."

हसून म्हणाल्या खऱ्या. पण पुढं कितीतरी दिवस सकाळी कॉलेजात आल्या की त्यांचे पाय सवयीनं त्या खोलीकडंच वळायचे. दाराशी जाऊन थांबायच्या आणि परत फिरायच्या. मी बघितलंय.

गंगाधर रोज दुपारी डबा घेऊन ग्रंथालयात जायचा. तो तेलुगूत, त्या कानडीत, आणि मधेच दोघं मराठीत. एकदा तो म्हणाला, "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू?" त्या भडकल्याच. "उपकार कसले? माझ्यामुळंच आलतं तुझ्यावर. गपचिप चटणी घे."

निवृत्त झाल्यावर त्या नांदेडला मुलीकडं राहायला आल्या. पुढं मीही नोकरीच्या निमित्तानं इकडंच आलो. जाणंयेणं मात्र कमीच व्हायचं. शेवटचा गेलो तेव्हा त्यांच्या एका डोळ्याची नजर अधू झाली होती आणि हात थोडे थरथरत होते. खूप गप्पा झाल्या. गंगाधरला मुलगी झाल्याचं त्यांना माहीत होतं. श्रुती इंजिनीअरिंगला गेल्याचंही माहीत होतं. ती दर दिवाळीला फोन करायची. निघताना लिफ्ट असूनही त्या जिन्यानं माझ्यासोबत खाली आल्या, कठडा धरून, एकेक पायरी.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला. मी परगावी होतो, शेवटच्या दर्शनालाही पोचलो नाही. त्यामुळं माझ्यासाठी त्या अजून त्या इमारतीच्या खालीच उभ्या आहेत.

त्या शेवटच्या भेटीत मी गाडी चालू करून फाटकापाशी आलो आणि मागं वळून बघितलं. वॉचमनची बायको हातात फोन घेऊन त्यांच्याकडं आली होती. ऊन कडक होतं, पडद्यावर काही दिसत नसणार. मॅडमनी आपला पदर ओढला आणि फोनवर, स्वतःच्या आणि तिच्या डोक्यावर तंबूसारखा धरला. दोघी त्याच्या आत गुडूप झाल्या. बाहेर फक्त दोन पाठी, आणि पदराचं टोक घट्ट धरलेला एक थरथरता हात. आतून काहीतरी बोलणं चाललं होतं, आणि मग दोघींच्या हसण्याचा आवाज आला. मी हात केला. पण त्यांचं लक्ष नव्हतं.